लाह्यांची ज्वारी आणि रोह्याचा परवाना

रोही, म्हणजे शहरातल्यांची नीलगाय, हा प्राणी मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला निसर्गप्रेमी समजायला नको. सोलापूरकडून येणारी माणसं आमच्या माळावर गाडी थांबवतात, काचा खाली करतात आणि "किती सुंदर!" म्हणत मोबाइलवर फोटो काढतात. सुंदर असेलही. घोड्याएवढा उंच, अंगानं निळसर काळा, आणि चेहऱ्यावर अशी शांती की जमीन जणू त्याच्याच नावावर आहे. आमची जमीन माझ्या आईच्या नावावर आहे. सातबारा माझ्या कपाटात आहे आणि त्यावरचा फेरफार मी स्वतः तपासलेला आहे. रोह्याला त्याचं काही सोयरसुतक नाही.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. लोकांचे अर्ज घ्यायचे, त्यातली चूक शोधायची आणि "हे जोडून परत या" म्हणून परत द्यायचे, हे माझं काम. ते मी मनापासून केलं. एकही अर्ज पहिल्या खेपेला घेतल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं निवृत्त होऊन बालाघाटाच्या कडेच्या आमच्या गावात राहायला आलो, तेव्हा गावानं मला 'भाऊसाहेब' म्हणायला सुरुवात केली. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मी कधी विचारलं नाही.

घरात मी, बायको आणि ऐंशी ओलांडलेली आई. शेत बटाईनं दिलेलं. पण विहिरीच्या अंगाचे दोन गुंठे आईनं कधी कुणाला दिले नाहीत. तिथं ती दरवर्षी रब्बीला लाह्यांची ज्वारी पेरते. म्हणजे पेरायची.

ही ज्वारी भाकरीची नव्हे. दाणा बारीक, कडक, जरा पिवळट. भाकरी केली तर चार दिवस घरातले बोलणार नाहीत. पण तापल्या कढईत मूठभर टाका, झाकण धरा, दाणा न् दाणा फुलतो. नागपंचमीला लाह्या लागतातच, आणि बाजारातल्या ज्वारीचे निम्मे दाणे तळाशी काळे होऊन बसतात. म्हणून श्रावण जवळ आला की आसपासच्या चार-पाच गावांतल्या बाया आमच्या ओसरीवर यायच्या. आई कुणाला मापटंभर, कुणाला ओंजळभर द्यायची. एक दमडी घ्यायची नाही. तिला हे बियाणं तिच्या सासूनं दिलेलं, सासूला आणखी कुणी. सासूकडून बाकी काही तिच्या हातात आलं नाही, हे आलं.

गेल्या पंचमीला मागणाऱ्या बाया जास्त आल्या आणि आईला नाही म्हणता येत नाही. गाडग्यात जे उरलं, ते सगळं तिनं पेरलं. मागं शिल्लक एक दाणाही ठेवला नाही. "यंदाचं हाती आलं की ठिवते," म्हणाली. म्हणजे त्या दोन गुंठ्यांत जे उभं होतं, तेवढंच बियाणं जगात होतं. निदान आमच्या जगात तरी तेवढंच.

आणि मग रोही आले.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द आहे. मध्ये एक चर खणलेली. चरीपलीकडं बोरी, बाभळी, घाणेरी आणि नऊ रोही. ते दिवसभर तिथं बसून रवंथ करतात आणि सकाळी उन्हं यायच्या वेळी, आणि दिवस कलताना, चर ओलांडून आमच्याकडं जेवायला येतात. हरभरा खाऊन झाला होता. तुरीचे शेंडे झाले होते. आता ज्वारी दुधात आली होती.

आईनं आपल्या परीनं बंदोबस्त केला होता. दोन जुनी लुगडी फाडून पिकाभोवती पदरासारखी ताणली होती. वाऱ्यानं कापड हलतं आणि जनावर बुजतं, असा समज आहे. बाकीच्यांची जनावरं बुजत असतील. आमच्या रोह्यांनी एका लुगड्याचा काठ चघळून बघितला. शिवाय आई रोज सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बसायची आणि रोही दिसला की तेलाचा रिकामा डबा बडवायची. डब्याला ते जरा मान द्यायचे. पाच-पन्नास पावलं मागं सरकायचे, आई थकायची वाट बघायचे.

एका सकाळी आईला जरा ताप होता म्हणून ती गेली नाही. त्या एका सकाळीत निम्मं पीक आडवं झालं. दुपारी आई तशीच शेतात जाऊन आली आणि ओट्यावर बसली. "एका अंगाचं बुड सोडून सगळं ओरबाडलंय," म्हणाली. "निम्मं ऱ्हायलंय. पर आता त्येंना चव लागली."

मला राग आला. खरा राग. आणि राग आला की मी अर्ज लिहितो.

रोह्याला मारायला परवानगी मिळते, हे मला माहीत होतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोह्यासाठी आणि रानडुकरासाठी तसा नियमच आहे. गावात कुणी कधी ती मागितली नव्हती, कारण गावातल्या माणसांना अर्ज म्हणजे काय ते कळत नाही. मला कळतं. बायको म्हणाली, तारेचं कुंपण करा. मी म्हणालो, आपण नियमानं जाऊ.

तालुक्याच्या गावी गेलो. कचेरीत खिडकीपाशी एक लिपिक बसले होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. बघून मला भरून आलं. हा आपल्यातला माणूस.

"प्राणी राहतो कुठं?" त्यांनी विचारलं.

"राहायला तुमच्या हद्दीत, खायला आमच्या."

"मग वनहद्दीत असताना गोळी झाडता येणार नाही. फक्त तुमच्या जमिनीच्या गटात. शेजाऱ्याच्या गटात गेला तर त्याचा वेगळा अर्ज."

"पुढचे पाय आमच्या गटात आणि मागचे चरीपलीकडं असले तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "असं अजून कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "मार्गदर्शन मागवावं लागंल." मला इतका आनंद झाला की चहा मीच सांगितला.

चहा पीत पुढच्या अटी कळल्या. जखमी होऊन प्राणी वनात गेला तर मागं जायचं नाही, कळवायचं. मेला तर हात लावायचा नाही, कळवायचं.

"मेल्यावर तो कुणाचा?"

"शासनाचा."

"आणि जिवंत असताना?"

"तेव्हाही शासनाचाच."

"मग आमची ज्वारी खातो तेव्हा?"

हा प्रश्न त्यांच्या टेबलाचा नव्हता. त्यांनी मला जोडायच्या कागदांची यादी दिली. सातबारा, आठ-अ, बंदूकवाल्याचं संमतिपत्र, त्याच्या परवान्याची प्रत, नुकसान करणाऱ्या प्राण्याचा नुकसान करतानाचा फोटो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वनरक्षकाचा पंचनामा. "तो होईस्तोवर आहे त्या स्थितीत राहू द्या," ते म्हणाले. "पिकाला हात लावू नका. नुकसान डोळ्यांना दिसलं पाहिजे." मी मान डोलावली. असंच असलं पाहिजे. मी तरी काय वेगळं सांगितलं असतं?

गावात परवान्याची बंदूक एकच. चाचांची. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. त्यांच्या आजोबांना निजामाच्या काळात परवाना मिळाला होता, तो वारसानं खाली आला. चाचांनी त्या बंदुकीनं आजवर काहीही मारलेलं नाही. वर्षातून दोनदा ती पुसायची आणि मुदत आली की नूतनीकरणाला न्यायची, एवढाच तिचा उपयोग. मी गेलो तेव्हा ते अंगणात शेळीला पाला घालत होते.

"बंदूक हाय, परवाना हाय, काडतुसं पन हायेत," चाचा म्हणाले. "पर बंदूक ठाण्यात हाय."

"ठाण्यात कशाला?"

"इलेक्शन लागलंय न्हवं? इलेक्शन लागलं की जमा करावं लागतंय. ही झाली की ती लागती, ती झाली की तिसरी. भाऊसाहेब, आता माझ्यापेक्षा त्या जमादाराचीच वळख जास्त झालीय तिच्याशी."

"निकाल लागला की मिळेल ना परत?"

"मिळंल की. पर एक गोष्ट आधीच सांगतो, मागून बदनामी नको. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय. रोही मला दिसंल, एवढं मोठं जनावर हाय. तुमचा गट कुठं संपतो ते काय दिसायचं न्हाय."

मी त्यांच्याकडून संमतिपत्रावर सही घेतली. त्यात डोळ्यांचा रकाना नव्हता.

फोटोचं काम मी स्वतः अंगावर घेतलं. सकाळी मोबाइल घेऊन तुरीत लपून बसलो. उन्हं आली आणि रोही आले. सगळ्यात मोठा नर पुढं. मी मोबाइल वर केला, तर त्यानं खाणं थांबवून माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. फोटोत तो उभा आहे, मान वर, तोंड बंद. निवडणुकीच्या फलकावर शोभला असता, पण नुकसान करताना काही दिसत नव्हता. मी हळूच म्हणालो, "खा की." तो खाईना. मी जरा पुढं सरकलो, तर सगळे शेपट्या वर करून चरीपलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या दिवशी त्यानं खाल्लं, पण माझ्याकडं पाठ करून. लिपिकांनी तो फोटो बघितला आणि विचारलं, "तोंड कुठंय?" तिसऱ्या दिवशी मला कणीस तोंडात धरलेला रोही मिळाला. त्यासाठी मी त्याला अर्धा तास खाऊ दिलं. आई बांधावर डबा घेऊन उभी होती आणि मी तिला हातानं खुणावत होतो, वाजवू नको, वाजवू नको.

तो फोटो मी बायकोला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, चाचांना दाखवला. आईला दाखवायला गेलो तर तिनं मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाली, "हे कनीस तर म्या बियान्याला धरलंतं."

आता हे सांगायला हवं. आईची एक पद्धत होती. कणसं भरायला लागली की ती पिकातून फिरायची आणि चांगल्यातलं चांगलं कणीस बघून त्याच्या दांड्याला लुगड्याची चिंधी बांधायची. ही कणसं बियाण्याची. त्यांना शेवटपर्यंत उभं ठेवायचं, पूर्ण पिकली की वेगळी कापायची, वेगळी वाळवायची. त्या साली तिनं बरीच बांधली होती. रोह्यांच्या पहिल्या हल्ल्यानंतर बावीस उरली होती, आणि माझ्या फोटोनंतर एकवीस.

कागद सगळे झाले. पंचनामा तेवढा राहिला. वनरक्षक भला माणूस होता. फोनवर म्हणाला, "साहेब, येतो ना. पण माझी ड्यूटी निवडणुकीला लागलीय. प्रशिक्षण चाललंय. ते झालं की पहिलं तुमच्याकडंच." मी त्याला समजून घेतलं. माझीही ड्यूटी लागायची.

आठ-दहा दिवस गेले. ज्वारी पिकत आली. आई रोज बांधावरून येऊन सांगायची, आज दाणा कडक झाला, आज नखानं दबत नाही. एका सकाळी चहा झाल्यावर ती विळा शोधायला लागली.

"कुठं निघालीस?"

"चिंधीची तेवढी काढून आनते. जराशी कच्ची हायेत, पर दोऱ्याला टांगली की होत्यात तयार. बाकी खाऊंदेत मग रोह्यांनी."

मी ताडकन उठलो. "अजिबात नाही. पंचनामा व्हायचाय."

"आरं, एकवीस कनसं तर हायेत. त्येंच्या पंचनाम्याला काय व्हतंय?"

"तसं नसतं आई. आहे त्या स्थितीत ठेवायला सांगितलंय. उद्या ते म्हणतील, रोह्यानं खाल्लं की तुम्ही कापलं? कापल्याची खूण वेगळी दिसते. सगळं प्रकरण फेटाळलं जाईल." मी आणखी पुढं गेलो. "आणि आता रोज बांधावर जाऊन बसू नको. तुझ्या पावलांनी जनावरांचे ठसे पुसतात. त्यांना ठसे लागतात."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाचता येत नाही. चौतीस वर्षं मी सरकारात होतो, लोक मला भेटायला दारात उभे राहायचे, हे तिनं बघितलं होतं. सरकारचं सरकारला कळतं, असं तिला वाटत असावं. तिनं विळा परत आढ्याला खोचला. "तू म्हनतूस तर ऱ्हाऊंदे," म्हणाली.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी ठीक होतं. मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'पंचनामा प्रलंबित. पिकास हात लावू नये.' खाली सही, तारीख. तो पुठ्ठा काठीला बांधून दोन गुंठ्यांच्या मधोमध रोवला. आईनं विचारलं, काय लिवलंय? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

तीन दिवसांनी मी तालुक्याला गेलो, पंचनाम्याची आठवण करून द्यायला. लिपिकांनी माझं स्वागत केलं, चहा या वेळी त्यांनी सांगितला. पुढच्या-मागच्या पायांबद्दलचं मार्गदर्शन अजून आलं नव्हतं. आम्ही जुन्या नस्त्यांबद्दल, पूर्वीच्या टाचणीच्या पद्धतीबद्दल गप्पा मारल्या. फार बरं वाटलं. दुपारच्या एसटीनं परत आलो, तो थेट शेतात गेलो.

पीक नव्हतं. म्हणजे बुडखे होते, हातभर उंचीचे, एकाच मापात खुडलेले. पुठ्ठा उभा होता. त्याला त्यांनी धक्काही लावला नव्हता. बुडख्यांमध्ये खाली चिंध्या पडल्या होत्या. काही चघळलेल्या, काही गाठीसकट तशाच. मी खाली बसून त्या वेचू लागलो आणि कणीस मिळतं का बघत होतो. एखादं तुटून पडलेलं, एखादं तुडवलेलं. मातीत हात घालून बघितलं. तांबूस लाळेनं भिजलेली भुसकटं मिळाली. चरीपलीकडं नऊच्या नऊ रोही बसून रवंथ करत होते.

मी वेचलेल्या चिंध्या खिशात घातल्या आणि बराच वेळ घरी गेलो नाही. मला लाज वाटत होती. साहेबांपुढं वाटते तशी नाही. लहानपणी घागर फुटल्यावर वाटायची तशी. आई त्या दिवशी सकाळी गेली असती, तर तिनं डबा वाजवला असता. तीन दिवसांपूर्वी तिनं विळा घेतला होता, तो मी ठेवायला लावला होता. रोह्याला शिव्या देऊन बघितल्या, पण त्या काही लागू पडेनात.

घरी गेल्यावर मी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. "सगळी?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, सगळी. ती उठून आत गेली आणि भांड्यांचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला. खरंच आला, प्रशिक्षण संपवून सरळ. त्यानं टेपनं मोजलं, ठसे बघितले, फोटो काढले. "साहेब, इतकी स्वच्छ जागा मी बघितली नाही," तो म्हणाला. "मधे तुमच्या एकट्याची पावलं, बाकी काही नाही. लोक काय करतात, आम्ही यायच्या आत उरलंसुरलं काढून नेतात, मग आम्हाला अंदाज लागत नाही. तुम्ही एकदम नियमानं ठेवलंय." पंचनाम्यात त्यानं लिहिलं, संपूर्ण पीक नष्ट. शेताची मालक म्हणून आईचा अंगठा हवा होता. तिनं शाईत अंगठा बुडवून तो कागदावर दाबला आणि विचारलं, "झालं का रं?" झालं, तो म्हणाला.

परवानगी पुढच्या आठवड्यात मिळाली. गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं. मुदत ठरावीक दिवसांची. ती संपायला दोन दिवस राहिले असताना निकाल लागला, आणि शेवटच्या दिवशी सकाळी चाचा ठाण्यातून बंदूक घेऊन आले. गावातून ते बंदूक खांद्यावर टाकून निघाले, मागं पोलीस पाटील, वनरक्षक आणि हातात परवानगीचा कागद घेतलेला मी. वाटेत माणसं मागं येत गेली. शेतात पोचेपर्यंत बरीच मोठी वरात झाली होती.

चाचा बुडख्यांत उभे राहिले. बंदूक छातीशी. चरीपलीकडं रोही उभे होते, नीट दिसत होते, नऊच्या नऊ. ते आमच्याकडं बघत होते, आम्ही त्यांच्याकडं. तास झाला. ऊन चढलं. ते काही चर ओलांडेनात.

"आत येईनात की," वनरक्षक म्हणाला.

"कशाला येतील?" चाचा म्हणाले. "इथं खायला काय ठिवलंय?" त्यांनी बंदूक खाली केली आणि माझ्याकडं वळले. "भाऊसाहेब, तुमचा कागद पक्का हाय. जनावर पन समोर हाय. ज्वारी तेवढी कमी पडली बगा."

लोक हसले. मीही हसलो, हसावंच लागलं. दुपारी मुदत संपली. आठवडाभरात दुसरी निवडणूक जाहीर झाली आणि चाचा बंदूक घेऊन ठाण्यात गेले.

आई महिनाभर त्या विषयावर बोलली नाही. मी तिच्यासमोर जरा जास्तच कामं करू लागलो. पाणी आण, औषध आण. मग चैत्रात एका सकाळी ती म्हणाली, "कळंबच्या बाजूला आपली ती पोरगी दिलीय न्हवं, माझ्या चुलतबहिनीची. तिला म्या दोन वर्साखाली चांगलं पायलीभर दिलतं. तिची लई हौस, पेरती ती. जाऊन मूठभर घिऊन ये. मूठभर रग्गड झालं. दोन सालात वाढवते म्या." ती ऐंशीच्या पुढची आहे आणि दोन सालांचा हिशेब करत होती. मी लगेच निघालो.

येरमाळ्याला एसटी बदलली. देवीच्या यात्रेचे दिवस जवळ आले होते, गाडीत उभं राहायला जागा नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही. किती दिवसांनी मी अर्ज न घेता कुठंतरी निघालो होतो. मूठभर ज्वारी मिळणार होती. वाटेत मी ठरवलं, की यंदा तारेचं कुंपण करायचं, आणि बांधावर डबा घेऊन आईसोबत मीही बसायचं.

तिच्या घरी पोचलो तर ती दारातच होती. चाळिशीची, हसतमुख. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं बाई, दादा! बसा, बसा. मावशी बरी हाय न्हवं?" पाणी दिलं, चहा टाकला. मी विषय कसा काढावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमी आलात ते लई बरं झालं बगा. आमीच येनार होतो पंचमीच्या आदी. ती लाह्याची ज्वारी पायजे होती मावशीची."

मी कप खाली ठेवला. "तुमच्याकडं आहे ना? आई म्हणाली, तुम्ही पेरता."

"पेरली की एक साल. मग ह्येंनी त्या तुकड्यात ऊस लावला. जी हुती ती गेल्या पंचमीला गल्लीत सगळ्यांनी फोडली. कुनी कुनी तर लाह्या डबे भरून न्हेल्या." ती हसली. "म्या मनलं न्हेऊंद्या. मावशीकडं असतीयाच की. मावशी असताना आपन कशाला ठिवायची?"

आसपास आणखी कुणाकडं असेल का, असं मी विचारलं. तिनं दोन-तीन घरं सांगितली. त्या घरांत मी गेलो. एका घरात म्हातारी म्हणाली, तुमच्या आईकडनंच आणतो आम्ही. दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घराला कुलूप होतं.

निघताना तिनं मला थांबवलं. आत जाऊन एक कापडी पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. "मावशीनं मागल्या बारीला ह्यातच दिलती. तिची तिला परत द्या. आन् म्हनावं, ह्यात मावंल तेवढीच द्या, जास्त नको. आमी यिऊन घिऊन जाऊ."

तिला सांगायला हवं होतं. मी चौतीस वर्षं माणसांना समोर बसवून नाही म्हणत आलो, कारणांसहित. तिला मात्र 'सांगतो आईला' म्हणालो. मी पिशवी घेतली आणि एसटीत बसलो.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिनं माझ्या हातातली पिशवी लांबून ओळखली आणि हात पुढं केला. मी ती दिली. वजनावरून तिला कळलंच असणार. तरी तिनं आत हात घातला. मग पिशवी उलटी केली आणि मांडीवर पसरून चारी बाजूंच्या शिवणी एकेक बोटानं चाचपत गेली. कोपरे चिमटीत धरून दाबून बघितले.

"धुऊन दिलीय की रं तिनं," ती म्हणाली.